मधला शनिवार

आईची केटल दोनदा जप्त झाली. पहिल्यांदा क्रूझच्या बोटीवर चढताना आणि आठ दिवसांनी त्याच बोटीवर परत चढताना. दुसऱ्या वेळी सिक्युरिटीला योगायोगाने तोच माणूस होता, तो स्क्रीनकडे बघून हसायलाच लागला आणि आईला हात जोडून म्हणाला, मॅम, अगेन? आईला इंग्लिश फारसं येत नाही पण अगेन कळलं. ती मराठीतच म्हणाली, अहो मी नाही, ह्यांनी आणली.

सुरुवातीपासून सांगते. आम्ही अटलांटात राहतो, आई-बाबा चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आलेले. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण अजूनही कुठेही गेले की पहिलं घड्याळ बघतात. मागच्या खेपेला त्यांना नायगारा वगैरे बस टूरने पाठवलं होतं, पाच दिवसांत चार हॉटेलं, रोज पहाटे बॅग भरा नि लॉबीत येऊन बसा. आईने तेव्हाच सांगून टाकलं की यापुढे रोज बॅग भरायची असेल तर मी घरीच बरी. म्हणून क्रूझ. आणि दोन का, तर नवऱ्याचं म्हणणं असं की फ्लोरिडापर्यंत गाडीने सात-साडेसात तास जायचं, बाबांचे गुडघे धरून मध्ये चार वेळा थांबायचं, एवढं करून सात दिवसांत परत यायचं म्हणजे प्रवासाचा शीणच जास्त. इकडे ह्याला बॅक टू बॅक म्हणतात, म्हणजे एकच बोट, एक आठवडा संपला की त्याच दिवशी तिचा पुढचा आठवडा सुरू होतो आणि आपण आतच. पहिला आठवडा ईस्टर्न कॅरिबियन, दुसरा वेस्टर्न. नीट बघून घ्या हं, काही बोटी दोन्ही आठवडे त्याच बेटांवर जातात, मग तेच सगळं परत.

जून निवडला कारण इथल्या शाळा मेच्या शेवटी सुटतात आणि ख्रिसमसचे रेट बघून मी लॅपटॉप बंद केला होता. हरिकेन सीझन कागदावर १ जूनला सुरू होतो पण खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो, तेवढी रिस्क घेतली. सहा जण, दोन केबिन, दोन आठवडे, सगळं मिळून साडेचौदा हजार डॉलरच्या आसपास गेले. त्यात टिपच दीड हजार, कारण ती दर माणशी दर रात्री लागते, अगदी सहा वर्षांच्या पोरालासुद्धा, आणि हे बुकिंगच्या पहिल्या स्क्रीनवर ठळक दिसत नाही.

एक चूक केली ती सांगते. पहिला आठवडा आम्ही नोव्हेंबरमध्ये बुक केला आणि दुसऱ्याचं जानेवारीत ठरलं. तोपर्यंत आई-बाबांची बाल्कनीवाली केबिन पुढच्या आठवड्यासाठी विकली गेली होती. आमची चौघांची आतली, बिनखिडकीची खोली कोणालाच नको असल्याने तीच मिळाली, आई-बाबांना मात्र दोन मजले वर आणि बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागलं. दोन्ही एकदम बुक करा आणि एजंटला सांगा की खोली तीच पाहिजे.

कागदपत्रांचं. पोरांकडे इथले पासपोर्ट, आमच्याकडे ग्रीन कार्ड, आई-बाबांचा दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा. यातलं मल्टिपल महत्त्वाचं, कारण बोट बेटांवर गेली म्हणजे तुम्ही देशाबाहेर गेलात आणि परत आत येताय, आणि बॅक टू बॅकमध्ये तर दोनदा येताय. आमच्याबरोबर एक मित्र येणार होता, एच वन बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. त्याने कुठेतरी ऐकलेलं की तीस दिवसांच्या आत आलं तर जुन्या स्टॅम्पवर चालतं. चालतं, पण त्याच्या व्हिसाला फक्त मेक्सिको आणि कॅनडासाठी, कॅरिबियन बेटांना नाही. वेळेत कळलं म्हणून पैसे वाचले त्याचे. आणि आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेपुरताच होता, तो बोटीवर उपयोगाचा नाही, त्यांच्यासाठी वेगळा काढला, ज्यात गरज पडली तर हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च पण धरलेला असतो. बाबा म्हणाले, हेलिकॉप्टर कशाला, मला डुलक्या लागतात त्यात.

तर पोर्ट कॅनॅव्हरल, फ्लोरिडातलं आमचं बंदर. बोट पाहिल्यावर बाबा काही बोललेच नाहीत, मान वर करून मजले मोजत होते. केटल तिथेच गेली. आईला सकाळी पाचला स्वतःच्या हातचा चहा लागतो म्हणून बाबांनी वॉलमार्टमधून गुपचूप घेतलेली. इस्त्री, केटल, तापणारं काहीही बोटीवर चालत नाही, आगीची भीती. पावती दिली, उतरताना घेऊन जा म्हणाले. पॅकबंद खाऊ चालतो त्यामुळे बाकरवडी आणि चिवडा सुटला.

पहिल्या आठवड्याबद्दल खरं सांगू का, मला तो धड आठवतच नाही. सतत पळापळ. कुठला जिना कुठे जातो, बुफे कुठल्या मजल्यावर, धाकट्याला किड्स क्लबात किती वाजता सोडायचं, लेक त्याच्यापेक्षा मोठी म्हणून तिचा गट वेगळा, तिची वेळ वेगळी. बोट सुटल्यावर दुसऱ्या दिवशी आईला बोट लागली, मग मळमळीवरची मेक्लिझिनची गोळी, आलं, नि हिरवी सफरचंदं. ती सफरचंदं वेटर आपणहून घेऊन आला. सासष्टीचा होता तो, गोव्याचा. आईने मराठीत विचारायचं, त्याने कोंकणीत सांगायचं, आणि दोघांचं अगदी झकास चालायचं. दुसऱ्या दिवशीची वरण-भाजी, पापड, नान हे आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं, ते तो न विसरता किचनला कळवायचा. त्याचे वडील पण बोटीवर, आजा पण. गोव्यात अशा घरांतल्या माणसाला तारवटी म्हणतात म्हणाला. आठ महिने बोटीवर, मग दीड-दोन महिने घरी, आणि ह्या शनिवारी त्याचं काँट्रॅक्ट संपत होतं.

सेंट थॉमसला बाबा खूश, कारण अमेरिकेचा झेंडा पण गाड्या डावीकडून. डेन्मार्ककडून १९१७ साली विकत घेतलेलं बेट आहे ते, डावीकडून चालवायची पद्धत आधीपासूनची, ती तशीच राहिली. गाड्या मात्र अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग पण डावीकडेच. बाबा टॅक्सीत पुढे बसून पूर्ण वेळ हवेत ब्रेक दाबत होते. सेंट मार्टेनला माहो बीचवर विमानं डोक्यावरून जातात, रनवे बीचला चिकटूनच आहे, तिथून धाकट्याला ओढून न्यावं लागलं इतका रमला. आणि फिलिप्सबर्गच्या बाजारात आईला दागिन्यांच्या दुकानात सिंधी शेठ भेटले, उल्हासनगरला नातेवाईक असलेले. तिथे जी हिंदीतून घासाघीस झाली ती मी बाहेर बाकावर बसून ऐकली.

आता शनिवार. ह्याच्याबद्दल आधी नीट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी केबिनमध्ये एक पत्र आलं. त्यात लिहिलेलं की तुम्ही पुढे जाणारे पाहुणे आहात, सकाळी सामान बाहेर ठेवू नका, नऊ वाजता चौथ्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये पासपोर्ट घेऊन या. पहिल्या आठवड्याचं बिल रात्री बंद होतं, कार्डवर पैसे लागतात, दुसऱ्या आठवड्याचं खातं नवीन. वायफायचं पॅकेज पण नवीन घ्यायचं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ज्यांची खोली बदलते त्यांनी हँगरवरचे कपडे हँगरवरच ठेवायचे, बाकीचं बॅगेत कोंबायचं.

सकाळी साडेसातला मी आई-बाबांच्या खोलीकडे गेले तर कॉरिडॉरमधून एक ट्रॉली येतेय, कपड्यांच्या दुकानात असते तशी दांड्याची, आणि तिच्यावर आईच्या सहा साड्या, बाबांचे शर्ट, आणि शेवटच्या हँगरवर बाबांची चट्टेरीपट्टेरी लुंगी. ढकलणारा इंडोनेशियाचा पोरगा गंभीर चेहऱ्याने चाललाय आणि मागून बाबा, ट्रॉलीला एक हात लावून, वरातीत चालतात तसे. मी म्हणलं बाबा तुम्ही कशाला, तर म्हणाले, मालाबरोबर माणूस पाहिजे गं.

लाउंजमध्ये आम्ही साठ-सत्तर जण असू. निम्मे फ्लोरिडाचे रिटायर्ड आजी-आजोबा, ज्यांना ह्या प्रकाराची इतकी सवय की विणकाम घेऊन आलेले. बाकी पाच-साडेपाच हजार माणसं एव्हाना बॅगा ओढत खाली उतरत होती. आम्ही का थांबलोय तर बोटीवर एकही प्रवासी उरता कामा नये, इमिग्रेशनला शून्याचा आकडा द्यावा लागतो, तो मिळेपर्यंत नवीन माणूस आत घेत नाहीत. शेवटचा एक कोणीतरी सापडत नव्हता, त्याच्या नावाचा स्पीकरवर पुकारा चाललेला. बाबांचं सगळं लक्ष त्या पुकाऱ्याकडे. चिपळूण स्टँडवर आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून पुकारा ऐकताना काय वाटत असेल कोण जाणे, पण दोनदा म्हणाले, आवाज स्वच्छ आहे त्याचा.

सव्वादहाच्या सुमाराला आम्हाला रांगेत खाली नेलं. इमिग्रेशनला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, पोरांचं पाच सेकंदात झालं, आई-बाबांच्या ऑफिसरने किती दिवस राहणार, परत कधी जाणार एवढं विचारलं. मी घरी आल्यावर दोघांचा आय-९४, म्हणजे देशात कुठल्या तारखेपर्यंत राहता येतं ती नोंद, वेबसाइटवर तपासला, आधीचीच तारीख होती, पण तपासा, गृहीत धरू नका. मग टर्मिनलमध्ये खुर्च्यांवर पंचवीस मिनिटं. आणि इथे बाबांनी ती पावती काढली. पत्रात लिहिलंय ना की जप्त वस्तू उतरताना घ्यायच्या, आपण उतरलोय, मग घ्यायला नको? गेले काउंटरवर, घेतली, खालचा बेस वेगळ्या पिशवीत टाकला कारण डबा बंद होत नव्हता, आणि पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. फक्त बेस सुटला. तो बाबांच्या औषधांच्या पिशवीत होता, नुसती गोल थाळी ती, मशीनवाल्याला काय कळणार.

परत आत गेलो तेव्हा साडेअकरा होत आले होते आणि नवीन लोकांना अजून सोडलं नव्हतं. अकराव्या मजल्यावर आलो. एरवी तिथे खुर्ची मिळवायला लोक सकाळी सातला टॉवेल टाकून जातात, गाणी चालू, पोरं पाण्यात, आइस्क्रीमच्या मशीनला रांग. त्या दिवशी कोणी नाही. गाणी बंद. पूलचं पाणी काचेसारखं. एक माणूस खुर्च्या पुसत होता, एक एक करत, आणि त्या फडक्याचा आवाज येत होता. आई चप्पल काढून पूलच्या कडेला बसली, पाय पाण्यात सोडले, साडी गुडघ्यापर्यंत धरून. आठ दिवसांत ती एकदाही पाण्याजवळ गेली नव्हती, एवढ्या लोकांत कसं म्हणून. म्हणाली, गौरी-गणपती गेल्यावर घर असंच होतं नाही? मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही, धाकटासुद्धा.

बाबा पलीकडच्या कठड्याला. खाली धक्क्यावर फोर्कलिफ्ट पळत होत्या, पालेभाज्यांची खोकी, दुधाचे कॅन, टॉयलेट पेपर, अंड्यांचे थरच्या थर, एकीकडून बॅगांचे पिंजरे आत येतायत, दुसरीकडून कचरा बाहेर. बाबांनी वेळ लावली. सहाला बोट लागली, साडेदहाला रिकामी, बाराला भरायला सुरुवात, साडेचारला सुटणार. म्हणाले, आमच्या आगारात चाळीस सीटची गाडी धुवून परत मार्गस्थ करायला दोन तास लागायचे आणि ड्रायव्हर चहाला गेलेला असायचा.

बोटीच्या मागच्या बाजूला नसाऊ लिहिलेलं. बाबांनी विचारलं, कंपनी अमेरिकेची मग गाव नसाऊ कसं? तेव्हा नवऱ्याने समजावलं की बोट बहामाजमध्ये नोंदलेली आहे, आणि अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे की परदेशी नोंदणीच्या बोटीने एका अमेरिकन बंदरावर माणूस चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरावर उतरवायचा नाही, मध्ये लांबचं परदेशी बंदर घेतल्याशिवाय. आणि आपल्या ह्या जवळपासच्या बेटांना तो कायदा लांबचं मानतच नाही. म्हणून जिथे चढलो तिथेच आणून सोडतात. बाबांना एकदम पटलं. परमिट, म्हणाले.

लेक मात्र रडवेली. किड्स क्लबात तिची टेक्सासची एक मैत्रीण झाली होती, ती सकाळी गेली. हे मी विचारातच घेतलं नव्हतं, की आपण राहतो पण बाकीचं सगळं गाव उठून जातं. आणि आमचा गोव्याचा वेटर. तो साध्या जीन्स-टीशर्टमध्ये गँगवेजवळ, म्हणजे बोटीवर चढा-उतरायच्या पुलाजवळ दिसला, बॅग घेऊन, ओळखूच आला नाही आधी. आईने बाकरवडीचं शेवटचं पाकीट त्याला दिलं. दुपारपर्यंत त्याच्या जागी फिलिपिन्सची एक मुलगी आली, गुणी होती, पण पापड विसरायची.

दुसरा आठवडा एकदम वेगळा. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची कवायत, परत करावी लागली, जुने असलात तरी सुटका नाही, फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या स्टेशनला जाऊन कार्ड स्कॅन करायचं. पण बाकी आता आम्ही गावचे. नवीन माणसं लिफ्टपाशी नकाशा घेऊन उभी आणि आई त्यांना हातवारे करून बुफेचा रस्ता दाखवतेय. जेवणाचा मेनू मात्र दर आठवड्याला तोच फिरतो, सोमवारी जे होतं ते सोमवारीच. थिएटरचे शो तेच, आणि क्रूझ डायरेक्टरचे विनोद शब्दन् शब्द तेच. बाबा तर विनोद यायच्या आधीच हसायला लागायचे. आम्ही शो सोडून दिले आणि संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत पत्ते खेळलो. चॅलेंज आणि मेंढीकोट. चौदा दिवसांतलं सगळ्यात चांगलं काय असं मला विचाराल तर एक तो रिकामा तास आणि दुसरे हे पत्ते, ज्याला खरं म्हणजे बोट लागतच नाही.

कोस्टा मायाला सारगॅसम आलेलं, म्हणजे ते तपकिरी समुद्री शेवाळ, उन्हाळ्यात मेक्सिकोच्या त्या किनाऱ्यावर ढीगच्या ढीग येतं आणि सडलेल्या अंड्यासारखा वास मारतं. तासाभरात परत आलो. कोझुमेलला बोटी लागतात त्या पश्चिमेच्या बाजूला पाणी स्वच्छ, कोमट, स्नॉर्केलिंग मस्त झालं, फक्त धाकट्याच्या कानात पाणी गेलं नि रात्री कान दुखायला लागला. बोटीवरचा डॉक्टर, ड्रॉप्स आणि पावणेदोनशे डॉलर. ते पण खोलीच्या बिलात.

त्याआधी रोआतानला तर बोट सुटलीच असती. होंडुरासचं बेट, जगातला दोन नंबरचा मोठा कोरल रीफ तिथून जातो, वेस्ट बे बीचवर कमरेएवढ्या पाण्यात मासे पायाला लागतात. आम्ही पाण्यात, नवऱ्याने फोन बघितला, दोनला दहा कमी, अजून भरपूर वेळ आहे म्हणाला. बाबा सावलीत बसलेले. त्यांचं एचएमटी, चावीचं, पहिल्या दिवशी बोटीच्या घड्याळाला लावलेलं आणि मग काट्यांना हात न लावलेलं. ते उठून वाळूतून आले आणि म्हणाले, गाडी साडेचारची ना? मग इथे काय करताय, पावणेचार वाजून गेले. फोनने होंडुरासची वेळ पकडली होती, ती जूनमध्ये फ्लोरिडाच्या दोन तास मागे असते, आणि बोट फ्लोरिडाच्या वेळेवर चाललेली. पुढचं विचारू नका. ओल्या कपड्यांनी टॅक्सी, एक स्नॉर्केल बीचवरच राहिलं, आई रामरक्षा म्हणतेय, ड्रायव्हर शांत. चार पंचवीसला गँगवेवर. धापा टाकत वर आल्यावर बाबा जावयाला एवढंच म्हणाले की गाडी कोणासाठी थांबत नसते, मी कधी थांबवली नाही.

शेवटच्या शनिवारी आम्हीही बॅगा ओढत उतरलो. पार्किंगवाला आलेला दिवस आणि गेलेला दिवस दोन्ही मोजतो, त्यामुळे चौदा रात्रींचे पंधरा दिवस. केटल परत मिळाली. एका दमात घर नको म्हणून सव्हानाला मोटेलमध्ये राहिलो, आणि पहाटे पाचला आईने चहाची सगळी तयारी केली, दूध, साखर, आलं किसून, केटलमध्ये पाणी भरलं, आणि बेस सापडेना. बेस बोटीवर, त्या नवीन केबिनच्या औषधांच्या ड्रॉवरमध्ये. चहा शेवटी मायक्रोवेव्हमध्ये केला आणि आईने तो अर्धा टाकला. बाबा म्हणाले, हरवलं-सापडलं खातं असेल ना त्यांचं, आमच्याकडे होतं. आहे. ऑनलाइन फॉर्म भरलाय, त्यात वस्तूचं वर्णन करा असा चौकोन होता, तिथे दहा मिनिटं विचार केला काय लिहावं, कारण ही वस्तू मुळात बोटीवर असायलाच नको होती.